टेक्सासातलं मशीन आणि सिडकोतलं घर

सिडकोतल्या ज्या गल्लीत मोहिनी वाढली, तिथल्या घराघरांतला कर्ता माणूस अंबडच्या नाहीतर सातपूरच्या कुठल्या तरी कारखान्यात यंत्रापाशी उभा असायचा. तिचे वडील सावळीराम टर्नर होते. तरुणपणी सायखेड्याहून आले, लेथवर लागले ते तिथंच मुरले. निवृत्त झाल्यावर घरात बसणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून ते मल्हारी नावाच्या जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये रोज अर्धा दिवस जायचे. पगारासाठी नव्हे, तेलाचा वास घेतल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. असं निदान आई, कमळाबाई, सगळ्या गल्लीला सांगायची.

गल्लीतल्या मुलींनी फार तर डीएड करावं आणि मग लग्नाला उभं राहावं असे ते दिवस. मोहिनीनं मात्र अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. सावळीरामांना तो फारसा कळला नाही, पण पोरगी यंत्राचंच काहीतरी शिकते आहे एवढ्यावर त्यांची छाती फुगली. पुढं इगतपुरीच्या रेल्वेतल्या मुलाशी तिचं लग्न झालं, आरोही झाली, आणि आरोहीला चालता येण्याआधीच तो मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. मोहिनी माहेरी परतली. रडून झालं, नाशिकमध्ये नोकरी शोधून झाली, आणि शेवटी पुण्यात एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं. लहानगी आजीपाशी ठेवून ती पुण्याला गेली. वर्षभरात काहीतरी बघू, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. असल्या बोलण्यातल्या वर्षाला किती महिने असतात ते कुणी कुणाला विचारत नाही.

ती पुण्यात दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. शनिवारी दुपारी नाशिकची एसटी धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायची. मधल्या दिवसांत आरोही तिच्यावाचून वाढत होती. लक्ष्मी रोडला लालचुटूक बूट दिसले की पायाचं माप विचारायला नाशिकला फोन लावावा लागे. पुढचा दात पडला तो मंगळवारी, आणि मोहिनीला तो कळला बुधवारी, तोही शेजारणीनं फोनवर दुसरंच काही सांगता सांगता. त्या दिवशी तिनं ऑफिसच्या जिन्यात उभं राहून पदर डोळ्यांना लावला. पडणारा तो काही जगातला पहिला दात नव्हता, पण तो पडताना आपण तिथं नव्हतो हे तिला गिळता येईना. शनिवारी गेल्यावर तिनं आरोहीच्या तोंडात बोट घालून ती फट पाहिली. आरोही म्हणाली, "आता जुनं झालं ते."

ऑफिसात मोहिनीचं काम प्रोग्राम लिहिण्याचं कमी आणि सांभाळण्याचं जास्त. आठ-दहा माणसांची कंपनी. सगळ्यांचं काम, सगळ्यांच्या फायली, लंडनच्या गिऱ्हाइकांची मेल, सगळं एका मशीनवर होतं आणि ते मशीन साहेबांच्या केबिनशेजारच्या कपाटात घुमत असायचं. त्याला सर्व्हर म्हणत. त्याची देखभाल, त्याची दुखणीखुपणी मोहिनीकडे. एकदा तिनं धीर करून साहेबांना विचारलं, की हे काम नाशिकला बसून केलं तर?

साहेब भले माणूस होते, पण धंदेवाईकही होते. म्हणाले, "मशीन इथं कपाटात आणि तू नाशिकला, हे कसं जमायचं? काम कुठूनही उघडेल अशा जागी ने. आमचं काही अडलं नाही, तर तू कुठं बसतेस ते मी विचारणार नाही. दिवाळीपर्यंत बघू."

एवढं ऐकल्यावर मोहिनीला आकाश ठेंगणं झालं. पहिला उपाय तिनं घरगुती काढला. सिडकोतल्या घरात नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. तिनं सुटे भाग आणून एक मशीन जोडलं, जिन्याखाली ठेवलं, वर प्लॅस्टिक टाकलं. पण ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज जाई तेव्हा इन्व्हर्टर थोडा वेळ तग धरी, मग तोही मान टाकी. वर कमळाबाईंनी त्या प्लॅस्टिकवर कुरडया वाळत घातल्या, कारण तिथं छान ऊब लागत होती. आठवडाभरात मोहिनीनं तो नाद सोडला. मशीन भाड्यानंच घ्यायचं ठरलं, जिथं वीज जात नाही अशा ठिकाणी.

आता भाड्यानं घ्यायचं म्हटल्यावर घरात उत्साह संचारला. भाड्याच्या खोल्या हा सिडकोत सगळ्यांच्याच अधिकाराचा विषय. शनिवारी ती पुण्याहून छापून आणलेले कागद पसरून बसली की सावळीराम चष्मा लावून शेजारी बसत.

"बघायला कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

"नाना, ते अमेरिकेत आहे."

"मंग? बिनबघता घेती का काय? आपण साधी खोली घेताना नळ सोडून बघतो."

मोहिनीनं समजावून सांगितलं. एक प्रकार असा, की एकाच मशीनवर शेकडो बिऱ्हाडं. स्वस्त, पण शेजाऱ्यानं धुडगूस घातला की आपलंही काम रखडतं. दुसरा, मशीन एकच पण आत भिंती घालून वेगळ्या केलेल्या खोल्या. तिसरा, अख्खं मशीन आपलं. कमळाबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "चाळ नको बाई. शेजार लय वाईट असतो. आपला नळ आपल्याला पायजे." आणि गंमत अशी, की चार रात्री जागून, आलेले आकडे मांडून मोहिनीही त्याच निष्कर्षाला आली होती.

मग जागेचा प्रश्न. मुंबईतलं मशीन जवळचं, बटण दाबताच उत्तर देणारं, पण त्याचा भाव ऐकून साहेबांनी नुसतं हसून फोन ठेवला. जर्मनीतलं बरं होतं, पण त्यांचे नियम अर्धे जर्मनमध्ये. टेक्सासमधल्या एका लहानशा कंपनीचं मशीन अमेरिकेतल्या मोठ्यांपेक्षा स्वस्त होतं. उत्तर यायला डोळा मिटून उघडावा इतका उशीर, पण चालण्यासारखा. मोहिनीनं तिथं कितीतरी प्रश्न मेलनं विचारले. डिस्क बिघडली तर? दुसरी डिस्क जोडीला असेल का? महिन्याला किती माल आत-बाहेर नेता येईल? उत्तरं धड आली. शेवटी घ्यायच्या-न घ्यायच्या गोष्टींची यादी आली. त्यात एक जादा सोय होती: मशीन दुरूनच बंद आणि सुरू करता येणारा विजेचा खटका. दरमहा थोडे डॉलर जास्त. मोहिनीनं विचार केला, चोवीस तास चालायलाच घेतलेलं मशीन, ते बंद कोण करणार आहे? खुणेची चौकट तिनं रिकामी सोडली. साहेबांच्या कार्डावर भाडं भरलं गेलं.

श्रावणात तिनं ऑफिसचं सगळं काम कपाटातून उचलून टेक्सासला नेलं. एकाचीही फाईल हरवली नाही. आणि पोळ्याच्या आधी ती बॅग घेऊन नाशिकला आली, ती रविवारी परत न जाण्यासाठी.

तो दीड महिना कसा गेला ते तिला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. सकाळी आरोहीची वेणी घालायची, तिनं "घट्ट नको, आज्जी सैल घालते" म्हणायचं. शाळेची रिक्षा गेली की मोहिनी कॉम्प्युटरपुढं बसे. पुण्यातली मंडळी आपापलं काम उघडत, टेक्सासचं मशीन सगळ्यांना पुरवठा करी, आणि मोहिनी मधूनमधून त्याच्या नाडीवर बोट ठेवून बघे. दुपारी रिक्षा वाजली की ती दारात. आरोही पहिले काही दिवस दप्तर आजीकडेच द्यायची. एक दिवस तिनं न बघताच ते मोहिनीच्या हातात दिलं आणि हात धुवायला पळाली. मोहिनी दप्तर धरून तशीच उभी राहिली. कमळाबाईंनी ते पाहिलं, आणि भाजीत मीठ घातलं की नाही ते त्या विसरल्या.

साहेबांचा आठवड्याला एक फोन यायचा. "सगळं ठीक?" "ठीक, सर." एकदा तर ते म्हणाले, की कपाट रिकामं झालं, आता त्यात चहाचं सामान ठेवतो आहोत. मोहिनीनं ते घरी सांगितलं तेव्हा सावळीराम पोट धरून हसले. दिवाळी आली की साहेब पक्कं करणार, याबद्दल कुणालाच शंका उरली नव्हती.

मग नवरात्र आलं. त्या वर्षी दसरा रविवारी होता आणि शनिवारी खंडेनवमी. ज्यांच्या घरात यंत्र भाकरी देतं त्यांच्याकडे या दिवसाचा थाट वेगळा. सावळीराम पहाटेच मल्हारीच्या वर्कशॉपला गेले. दोघांनी लेथ पुसून काढले, तेल दिलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला, आणि मेन स्विच खाली ओढला. खंडेनवमीला यंत्र चालवायचं नाही. वर्षभर राबतं, त्याला एक दिवस विसावा. त्या दिवशी त्याच्याकडून काम घेणं म्हणजे उपाशी बैल जुंपण्यासारखं. घरी येऊन त्यांनी मापाची पट्टी, कॅलिपर, कमळाबाईंची विळी, सगळं पाटावर मांडलं. आरोहीनं कंपासपेटी आणून ठेवली.

"आईचं मशीन?" आरोहीनं विचारलं.

मोहिनीनं समोरचा कॉम्प्युटर दाखवला. सावळीरामांनी त्याला कुंकू लावलं, फूल ठेवलं. मग ते म्हणाले, "हे तर नुसतं दार हाय. खरं मशीन तिकडं हाय ना? ते आज बी चालूच?"

"चालूच असतं ते, नाना."

"आजच्या दिवशी बी? एवढं राबलं पोरीसाठी. त्याला एक दिस निजू दे की."

हे ऐकून मोहिनी हसली, पण तिला आतून भरूनही आलं. गेली सहा वर्षं खंडेनवमीला ती पुण्यात होती. ऑफिसच्या कपाटातल्या मशीनला ती दरवर्षी स्वतःच्या हातानं बंद करायची, हार घालायची, आणि दसऱ्यानंतर कपाट उघडून बटण दाबायची. साहेबांनाही ते आवडायचं. आज ऑफिसला सुट्टी होती, घर झेंडूनं पिवळं झालं होतं, मुलगी मांडीला टेकून बसली होती. अशा वेळी माणसाचा हात डोक्याला विचारत नाही. तिनं टेक्सासच्या मशीनला बंद व्हायची आज्ञा दिली. आरोहीनं पडद्यावर फूल वाहिलं. पडद्यावरच्या ओळी थांबल्या. सावळीरामांनी हात जोडले.

दुपारी पुरणपोळी झाली. ताटं उचलून मोहिनी सहज कॉम्प्युटरपाशी आली, संध्याकाळी मशीन सुरू करायचं हे मनात घोळवत, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. बंद हो, हे इथून सांगता आलं, कारण ते ऐकायला मशीन जागं होतं. ऊठ, हे आता सांगायचं कुणाला? पुण्यात कपाट उघडून बटण दाबता यायचं. हे बटण टेक्सासात होतं, आणि दुरून चालणारा खटका तिनंच थोड्या डॉलरांसाठी नाकारला होता.

तिनं स्वतःच्या खासगी पत्त्यावरून टेक्सासच्या कंपनीला मेल केली. आपोआप उत्तर आलं, की शनिवार-रविवार कचेरी बंद, सोमवारी सकाळी पाहू. त्यांची सोमवारची सकाळ म्हणजे नाशिकची सोमवारची संध्याकाळ. कोपऱ्यावरच्या बूथवरून तिनं अमेरिकेला फोन लावला. पलीकडे एका बाईचा टेप लावलेला आवाज पुन्हा पुन्हा तेच बोलला. बूथवाल्यानं दसऱ्याचं सोनं आगाऊच तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, सगळं बरं ना?"

रविवारी गल्लीभर लोक आपट्याची पानं देत फिरत होते. मोहिनी सगळ्यांना हसून पानं देत होती. घरात तिनं कुणाला काही सांगितलं नाही. तिकडे लंडनची गिऱ्हाइकं नेमकी शनिवार-रविवारी निवांत बसून झालेलं काम तपासायची. या वेळी मोठं काम पूर्ण झालं होतं आणि ते त्याच मशीनवर होतं. मेलही त्याच मशीनवर. त्यांनी लिहिलेली पत्रं वाटेतच अडकून पडत होती.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. तिच्याजवळ सबबी भरपूर होत्या. लोडशेडिंग होतं, अमेरिकन कंपनी चोर निघाली, समुद्राखालची केबल तुटली; यातलं काहीही चाललं असतं. रात्रभर तिनं त्या सबबी घोळवल्या होत्या. पण साहेबांचा आवाज ऐकल्यावर एकही तोंडातून निघेना.

"सर, सर्व्हर मीच बंद केला. खंडेनवमी होती."

साहेबांनी विचारलं, "पूजेला?"

"हो, सर."

साहेब रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "अगं, मी पण स्कूटर धुऊन हार घातला. चूक म्हणून मी धरून बसणार नाही. पण लंडनवाल्यांनी मला घरी फोन केला. विचारलं, तुमचं मशीन कुठं आहे? म्हटलं अमेरिकेत. सांभाळणारं माणूस? म्हटलं नाशिकला. आणि तुम्ही? पुण्यात. ते म्हणाले, मग अडलं तर आम्ही धरायचं कुणाला? मला उत्तर देता आलं नाही, मोहिनी."

मोहिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू पुण्यात ये. पहिल्या तारखेपासून. दुपारपर्यंत ऑफिसात बस, पुढचं घरून कर, त्याला माझी ना नाही. मशीन चांगलंच निवडलंयस, ते राहू दे. पण घर पुण्यात पाहिजे. हाक मारली की येता येईल असं."

संध्याकाळी टेक्सासात कुणीतरी माणूस चहा पिऊन जागेवर आला असेल, त्यानं बटण दाबलं. मशीन उठलं, जणू काही झालंच नाही. पुण्याच्या फायली उघडल्या, लंडनची पत्रं पोचली. मोहिनीनं दिवा लावल्यावर घरच्यांना सगळं सांगितलं.

सावळीराम ऐकता ऐकता खाली बघायला लागले. "माझ्यापायी झालं," ते म्हणाले. "मला गप बसाया काय झालं होतं."

"नाना, हात माझा होता. मला समजायला हवं होतं."

"तुला सुख लागत व्हतं पोरी. मीच मधी पडलो." ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

आरोही गृहपाठाची वही मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "दुपारी तू घरी असणार?"

"हो. पण पुण्यातल्या घरी."

"मग मी पुण्यातल्या शाळेतून आले, की तू घरीच असशील."

साहेबांचा फोन ठेवल्यापासून हाच विचार मोहिनीच्या मनात येऊन बसला होता, आणि दिवसभर ती त्याच्याकडे पाठ करून होती. अख्ख्या मशीनची निवड करताना तिनं नानांना विचारलं, आईला विचारलं, टेक्सासच्या अनोळखी माणसांना शंभर प्रश्न विचारले होते. काम आरोहीपाशी आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आरोहीला कामापाशी न्यायचं म्हणजे ती कुणाकडून न्यायची, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिला मान वर करता येईना.

कमळाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. हातातली पोळी पुरती गोल करून त्यांनी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, तूप लावलं आणि आरोहीच्या ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "सहामाही होऊ दे. दिवाळी झाली का ने. सत्र मधीच तोडलं तर पोरीचं नुसकान."

"आई, तू..."

"मी काय? सात वर्सांची झाली ती. आईपाशी नाय ऱ्हायची तर कुठं ऱ्हायची?" त्यांनी गॅस बारीक केला, हाताचं पीठ झटकलं. "तिचं गरम कापड वरच्या ट्रंकंत हाय. आत्ताच काढून ठेवते. मागनं ध्यानात राहत नाय."

"मी काढते ना."

"तुला घावायचं नाय," म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या.

आरोही धावत शेजारच्या मैत्रिणीला सांगायला गेली, की ती पुण्याला राहायला जाणार. तिचा आवाज गल्लीत खणखणीत ऐकू येत होता. तव्यावर पोळी नव्हती, गॅस तसाच जळत होता. मोहिनीनं तो बंद केला. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला नाही, झाकण उघडल्याचाही नाही.

ती खोलीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. आत जाऊन काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. आत काय चाललं आहे, एवढं मात्र नीट माहीत होतं. पुण्याच्या खोलीत पदर डोळ्यांना लावून ते तिनं सहा वर्षं केलं होतं.